शस्त्रपूजेतील धनुष्याला पाणी लावू नये

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

खंडेनवमी तोंडावर आली आहे. जुन्या वाड्यांत तलवारी-भाल्यांबरोबर क्वचित एखादे पूर्वापार चालत आलेले धनुष्यही पूजेसाठी खाली काढले जाते. ही विनंती त्यासंबंधी आहे. गेल्या वर्षी एका परिचितांकडे असे धनुष्य तलवारींप्रमाणेच ओल्या फडक्याने पुसून, वर पाणी शिंपडून, ओल्या हळदकुंकवाची बोटे लावून पुजण्यात आले. आठवडाभरात टोकाजवळचा रंग फुगला आणि त्याखालचे तंतू सुटून झाडूच्या काड्यांसारखे उभे राहिले.

असे धनुष्य अखंड लाकडाचे नसते. मध्ये लाकूड, तिरंदाजाच्या बाजूला शिंग, बाहेरच्या बाजूला जनावरांच्या कंडरांचे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांचे) तंतू, आणि या सर्वांना धरून ठेवतो तो सरस, म्हणजे कातडी व कंडरा उकळून केलेला डिंक. तो पाण्याने फुगतो, मऊ पडतो, आणि हवेतली ओलही शोषून घेतो. कोरियाचा सेनापती यी सोंग-ग्ये याने १३८८ साली चीनमधील लियाओतुंग प्रदेशावरील स्वारीला विरोध करताना जी चार कारणे दिली, त्यांत पावसाळ्यात धनुष्यांचा सरस सुटेल हेही होते. भिल्लांच्या कमठ्याची, म्हणजे त्यांच्या धनुष्याची, गोष्ट वेगळी. तो बांबूचा, दोरीही बांबूच्या कामटीची, सरसाचा संबंधच नाही.

पूजा अवश्य करावी, मात्र फूल व अक्षता धनुष्यासमोर पाटावर वाहाव्यात. नंतर ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये, कारण आत कोंडलेल्या ओलीने बुरशी धरते. सैल सुती कापडात गुंडाळून, पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीपासून दूर, आडवे ठेवावे. खोलीतील आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिल्यास उत्तम. ओल लागलीच, तर उन्हात वाळवण्याची घाई करू नये, कारण लाकूड आणि शिंग सारख्या प्रमाणात आकसत नाहीत आणि सांधा उलतो. तेलही चोळू नये. तेलकट पृष्ठभागावर पुढे सरस धरत नाही.

सुटलेला भाग बाजारातल्या पांढऱ्या डिंकाने चिकटवण्याचा मोह तर अजिबात नको. सरसाचा सांधा ऊब आणि ओल देऊन पुन्हा सोडवता येतो, तसा हा सोडवता येत नाही. आमच्या परिचितांनी नेमके तेच केले; आता दुरुस्ती करणाऱ्याला तो डिंक खरवडावा लागत आहे, आणि त्याबरोबर मूळ रंगातली वेलबुट्टीही निघून येत आहे.

आपला,
एक हौशी तिरंदाज, सातारा