पट्टा खिळ्यालाच राहिला

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

काल तुला महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसवून घरी आलो, तर गुडघ्याचा पट्टा दाराआडच्या खिळ्याला तसाच. आई म्हणाली, फोन करा. केला नाही. परवा रात्री एवढं बोलणं झाल्यावर माझा आवाज परत चढला असता. म्हणून लिहायला बसलोय, आणि गुडघ्याचा विषय काढायचा नाही असं ठरवलंय.

शिरोलीच्या कारखान्यात सगळं ठीक. सांगलीच्या चाळीस गाद्या गेल्या. रेग्झिनचा नवा रोल हाताला पातळ लागतोय, तू बघेपर्यंत बाजूला ठेवलाय. हप्त्याचं मनात आणू नको. पिक्चरच्या कर्जाला मी सही केली ती विचार करून केली.

तू नऊ वर्षांची असताना तुला तालमीत घेऊन गेलो होतो. हळद, ताक, तेल मुरलेली लाल माती तू मुठीत घेऊन हुंगलीस. वस्ताद म्हणाले, पोरीला आत नको. मी गप्प राहिलो, त्याची लाज अजून जात नाही. मग ज्यूदोच्या मॅटवर घातलं. तिथं किती दिवस तुला नुसतं पडायलाच शिकवलं! मला राग यायचा, ही पाडायला कधी शिकणार? तू रात्री मला करून दाखवायचीस. हनुवटी छातीला, पाठ गोल, हाताची थाप. खालच्या मावशी जिना चढून वर यायच्या. नॅशनलच्या फायनलला तू त्या पोरीला खांद्यावरून घेतलीस तेव्हा गॅलरीत माझ्या शेजारच्या अनोळखी माणसाला मी मिठी मारली होती. त्या थापेचाच तू पुढं गाद्यांचा कारखाना केलास. माझ्या फौंड्रीतल्या जुन्या सोबत्यांना मी अजून तेच सांगत असतो.

पण थाप पाठीला वाचवते गं. गुडघ्याला पीळ बसला तर ती काय करणार?

आलाच विषय. आता लिहूनच टाकतो. ऑपरेशनला सातच महिने झालेत. मांडीमागची शीर काढून आत बसवलीय. डॉक्टर आपल्या दोघांसमोर म्हणाले, दुखायचं थांबलं म्हणजे पक्कं झालं असं नाही, नऊ महिने तरी उडी नाही. ओतलेला साचा वरून काळा पडला म्हणून मी कधी फोडला नाही. आत रस लालच असतो. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकहून कुस्तीचं कांस्य आणलं, आणि पुढच्या ऑलिंपिकआधी गुडघ्यानंच घात केला. राजाराम कॉलेजच्या त्या पोराची गोष्ट मी तुला झोपताना सांगायचो, तेव्हा गुडघ्याचा भाग गाळायचो.

तू म्हणालीस, पिक्चरमधल्या उडीला माझ्याजागी दुसरं कुणी, डबल घेतला तर लोक फसवणूक म्हणतील. बाबूराव पेंटरांचं तूच मला सांगितलंस ना? १९२० च्या त्यांच्या ‘सैरंध्री’ पिक्चरात कीचकाचा वध इतका खरा वाटला की तो प्रसंग कापावा लागला. आपल्या याच कोल्हापुरातल्या माणसांनी केलेलं काम. कीचक झालेला माणूस काही मेला नव्हता राणी. लोकांना खरं वाटायला तुझंच हाड कशाला पाहिजे?

फार बोललो. माफ कर. तुझं काम तुला कळतं. खोक्यांचा ढीग कसा रचायचा, वायर कोण धरणार, हे तू वहीत काढून ठेवलेलं मी तुझ्या मागं बघितलं. अक्षर अजून तसंच वाकडं आहे. परवा तू म्हणालीस, “पप्पा, तुम्ही भित्रे झालाय.” झालोय. त्या दिवशी स्ट्रेचरवरून तू माझ्याकडं न बघता छताकडं बघत गेलीस, तेव्हापासून.

शूटिंगच्या पहिल्या दिवशी आई अंबाबाईला ओटी भरणार आहे. आक्काला उडीचं काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नको.

पट्टा आज रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पाठवतोय. डब्यात चटणी आहे, झाकण सैल आहे, उभाच धर. ड्रायव्हरला तुझा नंबर दिलाय. गाडी हायवेच्या पलीकडच्या बाजूला थांबते. दुभाजकावरून उडी मारून जाऊ नको, पुलावरून जा. नाहीतर कुणाला तरी पाठव.

तुझे,
पप्पा