सूचना : चावा, ओरखडा, शिंतोडा – लपवू नका

सर्व सदस्यांना, विशेषतः पशुवैद्यकाची पदवी घेऊन प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या वैद्यकाकडे वळलेल्या नव्या मंडळींना आठवण.

संसर्गजन्य रोगांवरच्या संशोधनात आपल्या कामाला फार मोल आहे. पण या वाटेवर पहिली काही वर्षं उमेदवार घाईत असतो, ‘एवढ्याशा ओरखड्याचं काय सांगायचं’ म्हणून गप्प बसतो. कृपया असं करू नका.

मकाक जातीच्या माकडांमध्ये बी विषाणू असतो. माकडाला त्याचा सहसा फारसा त्रास होत नाही. माणसात मात्र तो मेंदूपर्यंत पोहोचून जीव घेऊ शकतो. 1932 मध्ये विल्यम ब्रेबनर हे तरुण डॉक्टर माकडाच्या चाव्यानंतर दगावले. 1997 मध्ये अमेरिकेत एका तरुण संशोधन-सहायिकेच्या डोळ्यात माकडाच्या अंगातल्या द्रवाचा शिंतोडा उडाला आणि तीही गेली. चावा नव्हता, जखम नव्हती. हे मनावर कोरून ठेवा.

म्हणून माकडांजवळ जाताना डोळे झाकणारं संरक्षण हवंच, नुसता चष्मा पुरत नाही. काही झालंच तर जखम ताबडतोब साबणाने आणि पाण्याने निदान 15 मिनिटं धुवा, डोळाही तितकाच वेळ वाहत्या पाण्याखाली धरा. मग लगेच वरिष्ठांना कळवा आणि डॉक्टर गाठा. उंदीर-घुशींचे चावेही नोंदवायचेच.

वरिष्ठांना विनंती : कळवणाऱ्यावर रागावू नका. एकदा बोलणी खाल्लेला माणूस पुढच्या वेळी सांगत नाही.