पोथीची पारख कोणी करायची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकातील वाचकपत्रांत एका गृहस्थांनी असे मत मांडले होते की, जो ग्रंथ देवाच्या मुखातून आला त्याची परीक्षा घेणे हाच अपराध आहे. भाविकाने तो वाचावा, मस्तकी लावावा आणि शंका काढू नये. मी मोर्शी तालुक्यातल्या एका खेड्यात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. आमच्या घरी तीन पिढ्या श्रावणात पोथी लागते, आणि ती मीच वाचतो. तरीही हे मत मला पटले नाही.

आमच्या गावाहून महानुभाव पंथाचे तीर्थस्थान रिद्धपूर फार लांब नाही. महानुभावांच्या श्रद्धेप्रमाणे पंथाचे संस्थापक श्रीचक्रधरस्वामी हे परमेश्वराचे अवतार, म्हणजे त्यांचे वचन हे देवाचेच वचन. पत्रलेखकांचा न्याय लावला तर या मंडळींनी स्वामींच्या नावावर कानी पडेल ते निमूटपणे लिहून घ्यायला हवे होते. प्रत्यक्षात पंथातल्या म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ हे स्वामींचे चरित्र सिद्ध केले ते स्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांना गाठून, एकेक आठवण विचारून घेऊन आणि स्वामींचे पट्टशिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून ती पारखून घेऊन. पुढे केसोबासांनी त्यातून स्वामींची वचने निवडून ‘सूत्रपाठ’ रचला. ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी परचक्रात गेली आणि मग ती आठवणींतून पुन्हा उभी करावी लागली, असे पंथाची परंपरा सांगते. अशा वेळी जिथे आठवणी जुळल्या नाहीत तिथे पाठभेदही जपले गेले. बोलणारा देव आहे अशी ज्यांची खात्री होती त्यांनीच शब्दाशब्दाची इतकी चौकशी केली, हे मला फार बोलके वाटते.

एकनाथ महाराजांनी तरी वेगळे काय केले? शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करताना त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले, ‘ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध’. ग्रंथाविषयी पूर्ण आदर आणि हाती आलेल्या प्रतींविषयी पूर्ण संशय, असे दोन्ही एकाच ओळीत आहे.

अर्थात यातून एकच प्रश्न सुटतो. शब्द मूळचे आहेत की नाहीत, एवढे प्रती ताडून कळते. ते शब्द देवाकडून आले की नाहीत, हे प्रती ताडून कळत नाही. हा दुसरा प्रश्न आपल्या दर्शनकारांनीही झटकून टाकलेला नाही. मीमांसकांनी वेद अपौरुषेय मानले, म्हणजे त्यांना कर्ताच नाही, देवसुद्धा नाही. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांना, हे मान्य नव्हते. वेद ईश्वराने सांगितले म्हणून प्रमाण आणि ईश्वर आहे हे वेद सांगतात म्हणून खरे, अशा युक्तिवादात अन्योन्याश्रयाचा, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींच्याच आधारावर उभ्या राहण्याचा, दोष येतो, हे त्यांना ठाऊक होते. न्यायसूत्रांत वेदांच्या प्रामाण्यासाठी मंत्र आणि आयुर्वेद यांचा दृष्टांत दिला आहे. औषधाचा गुण प्रत्यक्ष येतो, त्यावरून ते सांगणारा विश्वासार्ह ठरतो. मग जे पडताळता येत नाही त्याबाबतही त्याच्यासारख्याच आप्ताच्या, म्हणजे विश्वासू जाणकाराच्या, शब्दावर विसंबावे, असा तो विचार आहे.

आमच्याकडे शेतकरी नेमके हेच करतो. सोयाबीनच्या पिशवीवर काय छापले आहे याला कोणी भुलत नाही. पेरणीआधी 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, आठवडाभर पाणी शिंपडायचे आणि मग उलगडून मोड मोजायचे. 70 दाणे उगवले तर पेरायचे. कमी निघाले तर बियाणे वाढवायचे, नाहीतर पिशवी परत करायची. नैयायिकांच्या दृष्टांतातली एक अडचण मात्र इथेच ध्यानात येते. गोणपाटातले दाणे आणि पिशवीतले दाणे एकाच जातीचे असतात. पोटदुखीवरचे औषध आणि मरणानंतरची गती एका जातीची नाहीत. औषध लागू पडले म्हणून स्वर्गाचे वर्णनही खरे ठरते, असे मला म्हणवत नाही.

इतर धर्मांतही कसोटीला मज्जाव नाही. कुराणात (4:82) म्हटले आहे की, हा ग्रंथ अल्लाहखेरीज दुसऱ्या कोणाकडून आला असता तर लोकांना त्यात पुष्कळ विसंगती आढळली असती. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात, संदेष्ट्याने देवाच्या नावाने सांगितलेले घडले नाही तर ते देवाचे बोलणे नव्हे, असा निवाडा आहे. बुद्धांनी तर कालाम नावाच्या लोकांना, केवळ ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका, असे सांगितले. नागपूरच्या दीक्षाभूमीला जाणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना हे मी नव्याने सांगायला नको. या कसोट्यांनी सगळ्यांचे समाधान होईल असे नाही, पण तपासायला बंदी नाही एवढे त्यांवरून नक्की दिसते.

मग बंदी कुठे असते? मी सहावी-सातवीत असताना आमच्या घरी एक पोस्टकार्ड आले होते. देवाने स्वप्नात सांगितलेला मजकूर, 11 जणांना लिहून पाठवा, न पाठवल्यास घरात मृत्यू. कार्ड 15 पैशांना मिळे. आईने जोंधळे विकून आलेल्या पैशातून अकरा कार्डे आणली, आणि अक्षर बरे म्हणून ती मीच कंदिलाशी बसून लिहिली. अकराव्या कार्डावर कोणाचे नाव घालावे हे सुचेना म्हणून मामाचे घातले. पुढे मामाच्या घरीही अकरा कार्डे लिहिली गेली, याचे मला आजही वाईट वाटते.

तुकोबाही आपले बोलणे देवाचेच मानतात, ‘नव्हे माझी वाणी पदरींची’, ‘मज विश्वंभर बोलवितो’. पण त्याच अभंगात ते स्वतःला पामर आणि पाईक म्हणवतात. एवढ्यावरून ते बोल देवाचे ठरत नाहीत, हे कबूल. परंतु देवाचे नाव घेऊन स्वतः लहान होणारा आणि देवाचे नाव घेऊन दुसऱ्याला भिववणारा, यांतला फरक ओळखायला शास्त्री असण्याची गरज नाही.

गेल्या श्रावणात आमच्या गावात एक माणूस भगव्या वेष्टनाची चोवीस पानी पुस्तिका घेऊन आला. ती स्वप्नात उतरली, शंका घेणाऱ्याचा निर्वंश होतो, आणि सप्ताहात ज्ञानेश्वरीऐवजी तीच वाचावी, असे त्याचे म्हणणे होते. मागच्या पानावर देणगीसाठी क्यूआर कोड होता. पारावरच्या म्हाताऱ्यांनी त्याला चहा पाजला आणि तीनच गोष्टी विचारल्या. स्वप्न कोणाला पडले, कोणत्या साली पडले, आणि हाताने लिहिलेली पहिली वही पाहायला मिळेल का? वही घेऊन उद्या येतो, असे सांगून तो दुपारच्या एसटीने गेला. अजून आलेला नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
ता. मोर्शी, जि. अमरावती