पवनचक्कीचे रोहित्र म्हणजे शेतातली डीपी नव्हे

संपादक महोदय,

जतच्या पठारावरून किंवा भूम-वाशीच्या बाजूने सोलापूरकडे येताना भर वाऱ्यात एखादी पवनचक्की निश्चल उभी दिसली, की लोक पात्यांकडे बघून तर्क लढवतात. माझी नजर मात्र बुंध्याशी असलेल्या रोहित्राकडे (ट्रान्सफॉर्मरकडे) जाते. येथील औद्योगिक वसाहतीत रोहित्रे दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. जळालेली रोहित्रे उघडून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे, की त्यांतील बऱ्याच जणांचे मरण खरेदीच्या कागदावरच लिहिलेले होते.

शेतातली डीपी वरून आलेली वीज खाली उतरवून देते. पवनचक्कीत जनित्राची ६९० व्होल्टची वीज ३३ हजार व्होल्टपर्यंत चढवायची असते, आणि दोन मेगावॉटचे यंत्र पूर्ण जोरात असताना लघुदाबाच्या कॉईलमधून सुमारे १,६७० अँपिअर वाहतात. वीज ग्रिडच्या वारंवारितेशी जुळवून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून आलेला हा प्रवाह निर्भेळ नसतो. ५० हर्ट्झच्या मूळ लहरीवर २५०, ३५० आणि त्याहून वरच्या वारंवारितेच्या लहरी, म्हणजेच हार्मोनिक्स, कमी-अधिक प्रमाणात स्वार झालेल्या असतात. तारेच्या आतच घुमणाऱ्या भोवरी प्रवाहांची उष्णता वारंवारितेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने २५० हर्ट्झचा एक अँपिअर अशी उष्णता मूळ लहरीच्या एका अँपिअरच्या पंचवीसपट निर्माण करतो. हा हिशेब न धरता बांधलेली कॉईल नेमप्लेटवरची क्षमता न ओलांडताही आतून शिजत राहते.

उन्हाळ्याला दोष देणे सोपे आहे. आंतरराष्ट्रीय मानकात हवेचे कमाल तापमान ४० अंश आणि वार्षिक सरासरी २० अंश गृहीत असते, तर आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ पर्यंत जातो. आणि कॉईलवरचा साधा कागद नेमून दिलेल्या तापमानापेक्षा सहा अंश अधिक तापला, तर त्याच्या झिजेचा वेग दुप्पट होतो. मात्र खरा वारा जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे हवा गार असताना वाहतो, त्यामुळे मी उन्हाला पहिला आरोपी मानत नाही. वाऱ्याबरोबर भार दिवसातून अनेकदा चढतो-उतरतो, कॉईल फुगते-आकसते आणि तिला आवळून धरणारे प्रेसबोर्डचे ठोकळे सैल होतात. तेल गार होताना रोहित्र ब्रीदरमधून, म्हणजे श्वासनळीतून, पावसाळी हवा आत ओढते, आणि तिथली ओलावा टिपणारी सिलिका जेल कधीच भिजून गुलाबी पडून गेलेली असते.

सर्वांत दुर्लक्षित कारण व्हॅक्यूम ब्रेकरच्या, म्हणजे निर्वातात प्रवाह तोडणाऱ्या स्विचच्या, उघडझापीचे आहे. प्रत्येक वेळी उठणारी विद्युतदाबाची तीव्र लहर ३३ केव्हीच्या केबलमधून येऊन उच्चदाबाच्या कॉईलच्या पहिल्या काही वेढ्यांवरच आदळते. वरचे चार वेढे कोळसा आणि खालची सगळी कॉईल कोरी, असे दृश्य दिसले की आमच्या मिस्त्रींनाही कारण विचारावे लागत नसे. या वेढ्यांना वाढीव इन्सुलेशन, टर्मिनलजवळ अशी लहर जमिनीत वळवणारा सर्ज अरेस्टर आणि गरज असेल तेथे लहर बोथट करणारी रोधक-धारित्राची (रेझिस्टर-कपॅसिटरची) जोडणी एवढ्याने हा धोका बराच कमी होतो.

एका पवनचक्कीमालकाने तेच रोहित्र आमच्याकडे तीनदा पाठवले आणि तिन्ही वेळा ‘होते तसेच भरून द्या’, म्हणजे तशीच कॉईल पुन्हा गुंडाळून द्या, एवढाच निरोप दिला. कारणासह लिहून दिलेल्या आमच्या टिपणाला उत्तर आले नाही.

पवनचक्कीच्या रोहित्रांसाठी आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाचे (आयईसी) ६००७६-१६ हे स्वतंत्र मानक २०११ पासून आहे आणि २०१८ मध्ये ते सुधारले गेले. निविदेत ते सक्तीचे करावे, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे जागेवरचे हार्मोनिक्स, केबलची लांबी व ब्रेकरचा प्रकार ही माहिती खरेदीदाराने उत्पादकाला आधीच द्यावी. अंधारात ठेवलेला उत्पादक डीपीच बनवून देणार. माळावरचे गवत वाळलेले असते, तेथे साध्या खनिज तेलाऐवजी ३०० अंशांच्या पुढे अग्निबिंदू असलेले, वनस्पती तेलापासून बनणारे नैसर्गिक एस्टर वापरण्याचा खर्च मला अनाठायी वाटत नाही. तेलात विरघळलेल्या वायूंची चाचणी ठरावीक काळाने व्हावी, कारण हायड्रोजन वाढू लागल्याचे त्यात बिघाडाच्या बरेच आधी दिसू शकते. जळालेले रोहित्र पुन्हा भरण्यापूर्वी ते उघडून छायाचित्रांसह लेखी अहवाल घ्यावा आणि त्याची प्रत पुढच्या निविदेला जोडावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विद्युत अभियंता, सोलापूर