थंडीतील बिअर-आस्वाद बैठकीबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, रंकाळ्यावरून येणाऱ्या गार वाऱ्यामुळे शनिवारची बैठक गच्चीऐवजी आतील खोलीत सायंकाळी 7 वाजता होईल. या वेळी स्टाउट ही काळसर बिअर आणि म्युनिकच्या मठात जन्मलेली डॉपेलबॉक ही कडक जर्मन बिअर चाखायची असल्याने बाटल्या थोडा वेळ आधी फ्रीजबाहेर काढाव्यात. साधारण 10 ते 13 अंशांवर, पेला दोन्ही तळव्यांत धरला की भाजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) कॉफीसारखा वास खुलतो, बर्फगार बिअरमध्ये तो हरवतो, असा माझा अनुभव आहे. मद्याने ऊब येते हा मात्र भ्रम आहे, कारण त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून शरीरातील उष्णता उलट बाहेर जाते. म्हणून स्वेटर, कानटोपी आणावी, तांबड्या रश्श्यासोबत पोटभर जेवावे आणि दुचाकी घरीच ठेवावी. 21 वर्षांखालील कोणासही सोबत आणू नये.

कार्यवाह