हद्दवाढीबद्दल तू विचारलंस म्हणून

पुणे

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. ग्रामसभेत कोल्हापूर महापालिकेच्या हद्दवाढीच्या विरोधातला ठराव एकमताने झाला, गाव कडकडीत बंद राहिलं, आणि एवढं होऊनही तुझ्या मनातून शंका गेलेली नाही, हे वाचून मला खरंच बरं वाटलं. तू ग्रामपंचायतीचा सदस्य आहेस. उद्या प्रस्ताव पुढे सरकला तर लोक तुझ्याच दारात येतील. तेव्हा 'नको' एवढं एकच उत्तर हातात असून भागणार नाही.

तू सरळ विचारलं आहेस: पुण्याभोवतीची एवढी गावं महापालिकेत गेली, त्यांचं काय भलं झालं? त्याचं उत्तर देतो, पण आधी थोडा इतिहास सांगावा लागेल. 1997 मध्ये पुण्याच्या हद्दीत 38 गावं घेतली. विरोध झाला म्हणून 2001 मध्ये त्यातली काही पुन्हा बाहेर काढली. 2017 मध्ये 11 गावं आत आली आणि जून 2021 मध्ये एकदम 23: वाघोली, मांजरी बुद्रुक, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, नांदेड, किरकिटवाडी, खडकवासला वगैरे. त्या दिवशी पुणे महापालिका क्षेत्रफळाने मुंबईपेक्षाही मोठी झाली. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढायचं 2022 मध्ये जाहीर झालं आणि 2024 मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं ज्यांच्या शिवारात पडला, तीच ही दोन गावं. आत घ्यायचं, बाहेर काढायचं, पुन्हा घ्यायचं, असं गेली पंचवीस-तीस वर्षं चाललं आहे. दर वेळी नकाशा बदलतो आणि पाण्याची लाईन मागेच राहते.

आता खरी मेख सांगतो. 23 गावं महापालिकेत आली तेव्हा महापालिकेने खास सभा घेऊन त्यांचा विकास आराखडा आपण करणार असं ठरवलं होतं. पण लगेच जुलै 2021 मध्ये राज्य सरकारने ते काम पीएमआरडीएकडे दिलं. पीएमआरडीए म्हणजे 2015 मध्ये झालेलं पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. सुमारे सात हजार चौरस किलोमीटरचा पसारा, आठशेच्या वर गावं, अध्यक्ष मुख्यमंत्री. तर गाव महापालिकेचं आणि आराखडा प्राधिकरणाचा, असं झालं. बांधकाम परवानगीही तिकडूनच मिळायची, त्यामुळे विकास शुल्कही तिकडेच जमा व्हायचं. पाणी, ड्रेनेज, रस्ते, कचरा, दिवाबत्ती मात्र महापालिकेने करायची. किती मजले चढवायचे हे तर डिसेंबर 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनं मुंबई वगळून जवळजवळ सगळ्या राज्यासाठी एकदम ठरलेलं. म्हणजे वाढ किती होणार हे मुंबईत ठरतं, त्यावर शिक्का दुसरीकडे बसतो आणि वाढीचा भार तिसऱ्याच्या खांद्यावर येतो. सुहास, माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे: ज्याच्या सहीने इमारत उभी राहते, त्याच्याच गळ्यात तिच्या पाण्याची जबाबदारी असली पाहिजे. महापालिका, प्राधिकरण की ग्रामपंचायत, हा प्रश्न मी त्यानंतरचा मानतो.

मी राहतो तो भाग अशाच विलीन झालेल्या गावांपैकी. आमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या टेबलावर एक जाड वही असते. टँकर आला की तो गाडीचा नंबर, वेळ आणि किती हजार लिटर ते लिहितो आणि ड्रायव्हरची सही घेतो. होळी झाली की बोअरला नुसती हवा येते आणि वहीची पानं भराभर उलटायला लागतात. नळाच्या तोटीवर क्षाराचा पांढरा थर चढतो, गिझरची कॉईल वर्षभरात जाते. महिन्याच्या मेंटेनन्समध्ये सगळ्यात मोठा आकडा टँकरचाच. आणि खरेदीखताच्या मागे एक हमीपत्र जोडलेलं आहे, त्याचा मतलब असा की सार्वजनिक पाणीपुरवठा सुरू होईपर्यंत पाण्याची सोय विकसकाने करायची. विकसक पुढच्या प्रकल्पावर गेला. हमीपत्र आमच्या फायलीत आहे. माझ्या मजल्यावरच्या एक आजी, वय ऐंशीच्या पुढे, पहाटे पाण्याचा आवाज आला की उठून बादल्या भरून ठेवतात. त्यांचं सगळं आयुष्य दुष्काळी तालुक्यात गेलं. मुलाने शहरात फ्लॅट घेतला, तरी पहाटेचं काम सुटलं नाही, असं त्या म्हणतात तेव्हा मला उत्तर सुचत नाही.

टँकरने निदान पैसा जातो. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात काय झालं ते तू बातम्यांत पाहिलंच असशील. नांदेड, किरकिटवाडी, धायरी, खडकवासला या भागात जीबीएसचे (गुलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण एकापाठोपाठ एक निघाले. धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडले, काहींना व्हेंटिलेटर लागला, काही दगावले. संशय पाण्यावर गेला आणि नांदेडगावची विहीर चर्चेत आली. खडकवासल्याच्या धरणाखालची ही गावं. धरणातून शुद्धीकरण केंद्रांकडे जाणारं पाणी जवळून पुढे जातं आणि यांना मात्र विहिरीचं पाणी क्लोरिन टाकून मिळत होतं. यातल्या बहुतेक गावांना महापालिकेत येऊन साडेतीन वर्षं झाली होती. एवढ्या काळात हजारो फ्लॅट पुरे झाले, जलशुद्धीकरण केंद्र झालं नाही. पाण्याच्या पाईपपेक्षा इमारत लवकर बांधून होते, आणि दोन्हींचा मालक वेगवेगळा असला की हे अंतर कुणालाच दिसत नाही.

हे वाचून तू म्हणशील, मग आमचा विरोधच बरोबर. इथे मात्र थांब. तुमच्या पंचगंगेकडे बघ. तिला कोणत्या ग्रामपंचायतीची हद्द कळते? कोल्हापूरचं आणि काठच्या गावांचं सांडपाणी नदीत जातं आणि खाली इचलकरंजी तेच पाणी उचलते. 2012 मध्ये तिथे काविळीची साथ आली, माणसं गेली, तेव्हा कोल्हापुरातल्या कुणा नगरसेवकाला इचलकरंजीच्या मतदाराला उत्तर द्यावं लागलं नाही. 2019 आणि 2021 चे महापूर तुझ्या डोळ्यांसमोरचे. पूररेषेत एका गावाने बांधकाम अडवलं आणि शेजारच्याने होऊ दिलं, तर पाणी दोघांच्याही घरात शिरतं. अशा ठिकाणी वरची, सगळ्यांना बांधणारी संस्था लागतेच.

हिंजवडीचं उदाहरण घे. तिथे आयटी पार्क एमआयडीसीचा, भोवतीचं गाव ग्रामपंचायतीचं, बांधकामांचा कारभार पीएमआरडीएचा, शिवाजीनगरपर्यंतची तेवीस किलोमीटरची मेट्रोही पीएमआरडीएची. 2025 च्या पावसाळ्यात रस्त्यांना नद्यांचं रूप आलं, तेव्हा ओढा कुणी बुजवला आणि मोकळा कुणी करायचा, यावरच वेळ गेला. लाखो लोक रोज जिथे कामाला जातात, तिथलं पावसाचं पाणी एका ग्रामपंचायतीने सांभाळावं ही अपेक्षाच चुकीची. ग्रामपंचायतीकडे त्यासाठी ना इंजिनिअर ना पैसा.

एकत्र येऊन बरंही होतं, हे मी पाहिलेलं आहे. 2007 मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या दोन बस सेवा मिळून पीएमपी झाली. तिच्याबद्दल तक्रारी ढीगभर आहेत, पण निगडीहून कात्रजला जाताना प्रवाशाला आपण कुठल्या महापालिकेत आहोत याचा विचार करावा लागत नाही. तुमच्याकडे केएमटी, म्हणजे कोल्हापूर महापालिकेची बस, गावोगाव येते आणि तोटा शहर सोसतं. शहरवाल्यांचं हे दुखणं खोटं नाही. 1972 मध्ये महापालिका झाल्यापासून कोल्हापूर जेमतेम 67 चौरस किलोमीटरमध्ये अडकून आहे आणि भोवतीची गावं शहराच्याच जिवावर वाढली, हेही मान्य करायला हवं. 2017 मध्ये कोल्हापूरभोवतीच्या 42 गावांचं वेगळं विकास प्राधिकरण केलं ते याच भांडणातून मधला रस्ता काढायला. तो रस्ता पुरेसा ठरला असता तर आज पुन्हा हद्दवाढीचा विषय निघाला नसता.

म्हणून माझं मत असं झालं आहे की नदी, पूररेषा, धरणाच्या पाण्याचं वाटप, बस, मोठे रस्ते, कचऱ्याची शेवटची जागा, एवढं प्रादेशिक संस्थेकडे असावं आणि तिथे तिचा शब्द चालावा. गल्ली, शाळा, दवाखाना, बाजार, मैदान, कुठल्या गटात किती घरं पेलतील हे स्थानिक संस्थेने ठरवावं. आणि प्रादेशिक संस्थेत आपली माणसं बसलेली असावीत. हे मी मनचं सांगत नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समिती सांगितली आहे, तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य त्या भागातल्या नगरसेवकांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडायचे. आपल्याकडे प्रत्यक्षात वजन प्राधिकरणाचं, आणि ते अधिकारी चालवतात. पीएमआरडीएचा प्रारूप आराखडा 2021 मध्ये आला, हजारो लोकांनी हरकती घेतल्या, सुनावण्या झाल्या, आणि 2025 मध्ये सरकारने तो रद्दच केला. इतकी वर्षं लोकांच्या जमिनी आरक्षणाच्या टांगत्या तलवारीखाली राहिल्या. याच काळात, मार्च 2022 मध्ये पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ महापालिकेवर प्रशासक होता. नव्याने आलेल्या गावांची सरपंचपदं तर विलीन होताच गेलेली. विचार कर, लाखो माणसं, आणि भांडायला स्वतःचा एक निवडलेला माणूस नव्हता. माझ्या मते पाणी नसण्याइतकीच ही गोष्ट गंभीर आहे.

घरपट्टीचं तू विचारलं आहेस, ते थोडक्यात सांगतो. ती टप्प्याटप्प्याने महापालिकेच्या दरावर न्यायची पद्धत आहे. इथे सोयी आल्या नाहीत आणि बिलं आली, म्हणून लोक चिडले आणि 2024 मध्ये सरकारला समाविष्ट गावांतली वसुली थांबवावी लागली. लोकांची कर भरायची तयारी असते. नळाला पाणी आलं तर टँकरच्या निम्म्या पैशात दुप्पट घरपट्टी परवडेल, असं आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये दर वेळी कुणीतरी म्हणतंच.

आता तुझ्यापुरतं. विरोधाचा ठराव राहू दे, पण त्याच्या जोडीला ग्रामसभेत दुसरा ठराव घे, अटींचा. आत घ्यायचंच ठरलं तर आराखडा, परवानगी आणि पाणी एकाच संस्थेकडे राहील हे सरकारने अधिसूचनेतच लिहावं. काळम्मावाडी धरणातून कोल्हापूरला येणाऱ्या थेट पाईपलाईनचं पाणी तुमच्या टाकीपर्यंत केव्हा येणार, त्याचा खर्च कोण करणार, हे तारखेसह मागा. पाण्याची सोय प्रत्यक्ष झाल्याशिवाय मोठ्या गृहप्रकल्पाला भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जायची परवानगी) नको, आणि विकसकाच्या हमीपत्रावर तर नकोच. वॉर्ड रचना आणि निवडणूक विलीनीकरणासोबतच व्हावी, मधला काळ प्रशासकाच्या हाती जाऊ देऊ नका. गायरान आणि गावठाणालगतच्या मोकळ्या जागांची यादी आजच सातबारा जोडून तयार करा, कारण पुढे मैदान, दवाखाना, टाकी, पंपिंग स्टेशन यांना जागा तिथेच मिळते आणि ती आधी दुसरंच कुणी धरून बसतं. हद्दवाढ झाली नाही तरी यातल्या बहुतेक गोष्टी प्राधिकरणाकडे मागता येतीलच.

हद्दवाढीच्या प्रस्तावातल्या बाकीच्या सात गावांच्या सरपंचांना एकदा एकत्र बसव. आठ ठराव वेगवेगळे गेले तर आठ फायली होतील आणि कुठेतरी पडून राहतील. सगळ्यांचा मजकूर एकच असू दे. शक्य झालं तर शहरातल्या दोघा-तिघा माजी नगरसेवकांनाही बोलव. भांडण त्यांच्याशी नाही, आणि त्यांच्याशिवाय हे सुटणारही नाही.

प्रारूप अधिसूचना निघाली की हरकती-सूचनांची मुदत सुरू होते. तिच्यावर डोळा ठेव. हरकत लेखी दे, पोच घे, आणि मला एक प्रत पाठव. इथल्या गावांनी दिलेल्या हरकतींचे नमुने मी जमवतो आहे, ते या आठवड्यात तुला पाठवतो. काकूंना नमस्कार सांग, धाकटीला आशीर्वाद.

तुझा,
अविनाश