जुनी गाडी चमकवू नका, जपा

संपादक साहेब, नमस्कार.

अमेरिकेत 1970च्या दशकात टी. सी. ख्रिस्टेनसन 'हॉगस्लेयर' नावाची ड्रॅग बाईक, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या छोट्या शर्यतीची मोटारसायकल, पळवायचा, तिच्यात नॉर्टन या ब्रिटिश मोटारसायकल कंपनीची दोन इंजिनं एकामागे एक बसवलेली, दोन सिलिंडर नाही बरं का, पूर्ण दोन इंजिनं, आणि शर्यत फक्त पाव मैलाची म्हणजे 402 मीटरची. अशी गाडी पुन्हा उभी करायची तर दोन्ही इंजिनं जोडून टायमिंग जुळवावं लागतं, नाहीतर एक इंजिन दुसऱ्याला ओढत बसतं. हे लेथवर हात बसलेल्या माणसाचंच काम. असे मिस्त्री आपल्या जळगाव-धुळ्यात आहेत हो!

पण आपल्याकडे जुनी येझदी, राजदूत निघाली की एकतर भंगारात, नाहीतर क्रोम न् नवा पेंट मारून पार ओळख घालवायची. त्या काळचं वेल्डिंग, ठोकलेले नंबर, हातानं कापलेली प्लेट, हाच तर गाडीचा इतिहास आहे. आयटीआयच्या पोरांना एखादं जुनं इंजिन खोलून, मोजून, फोटो काढून परत जोडायला लावा, ही मनापासून विनंती, आणि ज्यांच्या खळ्यात अशी गाडी पडून आहे त्यांनी ती किलोच्या भावानं देऊ नका.

एक वाचक, अमळनेर